दोन राउटरांचे घर : एका हंगामी तजविजीची कुळकथा

शहरातील सदनिकांतून आणि तालुक्याच्या गावांतील दुमजली घरांतून हल्ली एक गाऱ्हाणे वारंवार कानी पडते. इंटरनेट कंपनीचा माणूस दिवाणखान्यात राउटर बसवून जातो. त्याच्या लहरी सिमेंट-काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडून मागच्या खोलीपर्यंत धडपणे पोचत नाहीत, म्हणून घरधनी बाजारातून दुसरा राउटर विकत आणतो, पहिल्यापासून निघालेली केबल दुसऱ्याच्या ‘इंटरनेट’ असे लिहिलेल्या खाचेत बसवतो आणि आता घरभर जाळे पसरले अशा समाधानात असतानाच त्याच्या ध्यानात येते, की इंटरनेट दोन्ही खोल्यांत उत्तम चालते खरे, पण मागच्या खोलीतला प्रिंटर दिवाणखान्यातल्या लॅपटॉपला काही केल्या सापडत नाही. अमेरिकेतल्या संगणकाशी क्षणार्धात बोलणारी ही दोन यंत्रे एकाच छपराखाली परस्परांना पारखी होतात. दोष प्रिंटरचा नसतो, लॅपटॉपचाही नसतो आणि घरधन्याने तर वेष्टनावरच्या सूचनाच तंतोतंत पाळलेल्या असतात. या अबोल्याचे मूळ शोधू जाता अर्धशतकाचा इतिहास उलगडावा लागतो, आणि तो उलगडण्याजोगा आहे असे मला मनापासून वाटते.

राउटर हे यंत्र मुळात जोडण्यासाठी जन्मास आले. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट हे जाळे सुरू झाले, त्या पाठोपाठ रेडिओवर चालणारे आणि उपग्रहावर चालणारे अशी भिन्न प्रकृतीची जाळी उभी राहिली, आणि या सर्वांच्या अंतर्गत रचनेस हात न लावता ती परस्परांस कशी सांधावीत असा प्रश्न उभा राहिला. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचे उत्तर दिले : दोन जाळ्यांच्या सीमेवर एक यंत्र ठेवावे, त्याने आलेल्या पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या सुट्या तुकड्यावरचा, पत्ता तेवढा वाचावा, ते पुढच्या जाळ्याच्या स्वाधीन करावे, आणि कोण कोणाशी काय बोलतो याची उठाठेव करू नये. या यंत्राला तेव्हा गेटवे म्हणत. केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत व्हर्जिनिया स्ट्राझिसार यांनी त्याची आरंभीची आज्ञावली लिहिली, आणि २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून निघालेली पॅकेटे रेडिओ, अर्पानेट आणि उपग्रह अशी तिन्ही जाळी ओलांडून, नॉर्वे आणि लंडनमार्गे फिरून, पुन्हा कॅलिफोर्नियातल्याच एका संगणकावर सुखरूप पोचली.

या प्रयोगात जे तत्त्व सिद्ध झाले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. मधल्या यंत्रांपाशी कोणतेही दप्तर नव्हते. संभाषणाची सारी स्मृती दोन टोकांच्या संगणकांकडे, आणि पत्ता असा की तो जगाच्या पाठीवर एकाचाच असावयाचा. ही दोन गृहीतके शाबूत असती तर घरात दोन राउटर काय, दहा राउटर ठेवले असते तरी प्रिंटर हरवला नसता.

पहिला तडा पत्त्यांच्या संख्येमुळे गेला. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली इंटरनेटच्या व्यवहाराचा जो नियमग्रंथ सिद्ध झाला आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर ज्याचा अंमल सुरू झाला, त्यात प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा ठरलेला होता. म्हणजे एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६. विद्यापीठांच्या आणि संशोधनसंस्थांच्या त्या मर्यादित विश्वात ही संख्या अक्षय्य भासली आणि वाटपही तितक्याच सढळ हाताने झाले : काही संस्थांना एकेका सनदेने एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक पत्ते बहाल झाले. नव्वदीचे दशक उजाडले तेव्हा हे भांडार आटणार हे उघड झाले. १९९३ साली वाटपाची रीत काटकसरीची करण्यात आली, परंतु तेवढ्याने भागणार नव्हते.

याच वर्षी जानेवारीत पॉल त्सुचिया आणि टोनी एंग यांनी एक निराळीच कल्पना मांडली होती. तेच त्सुचिया पुढे पॉल फ्रान्सिस या नावाने, जपानमधील एका प्रयोगशाळेत असताना, डेन्मार्कच्या केल्ड एगेवांग यांच्या सहकार्याने मे १९९४ मध्ये एक टिपण प्रसिद्ध करते झाले. संस्थेच्या आत कोणतेही पत्ते खुशाल वापरावेत, तेच पत्ते दुसऱ्या संस्थेनेही वापरावेत, आणि वेशीवरच्या राउटरने पॅकेट बाहेर जाताना आतला पत्ता खोडून त्या जागी खरा, जागतिक पत्ता लिहावा, अशी ती योजना होती. नॅट या संक्षिप्त नावाने आज ती सर्वत्र चालते.

या टिपणाचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. लेखकद्वयाने आरंभीच नमूद केले, की दीर्घकालीन उपाय सिद्ध होईपर्यंतची ही अल्प मुदतीची तजवीज आहे. आणि पत्त्याचा टोकापासून टोकापर्यंतचा अर्थ हिच्यामुळे नष्ट होतो हा दोषही त्यांनी स्वतःच्या हाताने मांडून ठेवला. आत वापरावयाच्या पत्त्यांची रीतसर मुभा देणारे दुसरे टिपण मार्च १९९४ मध्ये निघाले होते. त्याविरुद्ध जुलैमध्ये एलियट लिअर आदी चौघांनी कडक आक्षेप नोंदवला, आणि मग फेब्रुवारी १९९६ मध्ये जो सुधारलेला मसुदा कायम झाला त्यावर मार्चच्या टिपणाच्या चौघा मूळ लेखकांच्या जोडीला लिअर यांचीही सही होती. १० ने, १७२.१६ ते १७२.३१ ने आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी ठरले ते या दस्तऐवजामुळे. आपल्या घरातील बहुतेक फोनांवर आज १९२.१६८ हा जो आकडा दिसतो त्याचे कूळ हे असे वादातून आणि तडजोडीतून आलेले आहे.

एकाच जागतिक पत्त्यावर अनेक यंत्रे चालवावयाची तर पत्त्यासोबत पोर्ट नावाचा क्रमांकही बदलावा लागतो, आणि काय बदलले याची नोंद ठेवावी लागते. सरकारी कचेरीतील आवक-जावक बारनिशीसारखीच ही व्यवस्था आहे. आतल्या यंत्राने बाहेर पत्र धाडले की राउटर जावक नोंद करतो. त्याच नोंदीचा क्रमांक घेऊन उत्तर आले की रुजुवात होऊन ते नेमक्या यंत्राकडे जाते. आणि ज्याची जावक नोंद नाही असे पत्र बाहेरून आले तर ते कोणाला द्यावे हे ठाऊक नसल्यामुळे राउटर ते टाकून देतो. जे यंत्र १९७७ साली काहीही लक्षात ठेवत नव्हते, ते आता नोंदीवाचून एक पॅकेटही आत घेईनासे झाले.

ही व्यवस्था घरात शिरली ती ब्रॉडबँडबरोबर. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले तेव्हा एक टेलिफोन, एक मोडेम आणि एक संगणक असाच संसार होता. राउटरची गरजच नव्हती. पुढे अमेरिकेत केबलवरून अखंड जोडणी मिळू लागली, कंपनी पत्ता देई एकच आणि घरात संगणक मात्र दोन-तीन, तेव्हा लिंक्सिससारख्या उत्पादकांनी स्वस्त घरगुती राउटर बाजारात आणले. डिसेंबर २००२ मध्ये निघालेला त्यांचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर तर घरोघरी पोचला. अशा एकाच पेटीत पाच निरनिराळी कामे एकवटली होती : जाळी सांधणे, पत्ते बदलून बारनिशी राखणे, घरातील यंत्रांना डीएचसीपीने पत्ते वाटणे, वायरी जोडणारा स्विच, आणि बिनतारी लहरी. ज्याने ही पेटी घडवली त्याने मनाशी धरले होते, की घरात अशी पेटी एकच असणार. माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ या एका गृहीतात आहे, कारण दुसरी पेटी आली की ती लहरींचे एकच काम मागितलेले असताना पाचही कामे करू लागते.

आता त्या प्रिंटरकडे जवळून पाहू. दिवाणखान्यातला राउटर १९२.१६८.१.१, त्याने लॅपटॉपला दिलेला पत्ता १९२.१६८.१.५ आणि मागच्या राउटरला दिलेला १९२.१६८.१.७. मागच्याने आपले स्वतंत्र १९२.१६८.० हे जाळे थाटले आणि प्रिंटरला १९२.१६८.०.२० हा पत्ता दिला. लॅपटॉपजवळ २५५.२५५.२५५.० हा मास्क असतो. त्यावरून तो पहिले तीन आकडे ताडून पाहतो, ते जुळले तर शेजारच्याच यंत्राला हाक घालतो, न जुळले तर पॅकेट आपल्या राउटरच्या हवाली करतो. प्रिंटरचे आकडे जुळत नाहीत, म्हणून पॅकेट १९२.१६८.१.१ कडे जाते. त्याला मागच्या जाळ्याची वार्ताही नसते, आणि पॅकेट तिथून पुढे कोठेही लागत नाही. लॅपटॉपने १९२.१६८.१.७ याच पत्त्यावर पाठवले तरी मागच्या राउटरच्या बारनिशीत जावक नोंद नाही, म्हणून ते तिथे बाद होते. उलट बाजूने मात्र मागच्या खोलीतील यंत्राला लॅपटॉपचा पत्ता ठाऊक असेल तर त्याचे पॅकेट पोचते, कारण ते नोंद करून बाहेर पडलेले असते. म्हणूनच हा अबोला एकतर्फी असतो आणि माणसाला चक्रावून टाकतो. तेथेही टीव्ही किंवा प्रिंटर आपोआप शोधण्याची युक्ती चालत नाही, कारण २२४.०.०.२५१ या ठरीव पत्त्यावर दिलेली ती हाक राउटरची सीमा ओलांडत नाही. दोन्ही राउटरांनी १९२.१६८.१ हेच जाळे थाटले तर घोटाळा आणखी वाढतो, कारण पलीकडचे यंत्र आपल्याच शेजारी आहे असे समजून प्रत्येक जण भलत्याच ठिकाणी त्याला शोधत बसतो.

यावर दोन खरे उपाय आहेत. पहिला राउटरच्या मूळ धर्माला धरून आहे : मागच्या राउटरचे पत्ते बदलणे बंद करावे, आणि १९२.१६८.० कडे जाणारी वाट १९२.१६८.१.७ मधून आहे असे पुढच्या राउटरला लिहून द्यावे. पण ही मुभा पुष्कळ घरगुती राउटरांत नसते, आणि शोधाची हाक याही उपायाने सीमा ओलांडत नाही. दुसरा अधिक सुगम : मागच्या राउटरकडून तीन कामे काढून घ्यावीत आणि लहरी व स्विच एवढेच ठेवावे. २०१६ पासून घरांसाठी जे मेश संच खपू लागले त्यांतही साधारणतः हेच घडते. पत्ते वाटणारी आणि नोंद राखणारी पेटी एक, बाकीच्या केवळ पुढे पोचवणाऱ्या.

दीर्घकालीन उपायही दरम्यान सिद्ध झाला होता. डिसेंबर १९९५ मध्ये १२८ बिटांच्या पत्त्यांचा आयपीव्ही६ हा नियम प्रथम प्रसिद्ध झाला; त्यात एका घराला पत्त्यांचा एवढा मोठा पट्टा देता येतो, की प्रत्येक राउटरला स्वतंत्र, खरे जाळे मिळावे. त्याच आधारावर एप्रिल २०१६ मध्ये घरातील अनेक राउटरांनी आपापसांत समजूत करून घेण्याचा एक नियमही निघाला, परंतु उत्पादकांनी तो उचलून धरला नाही, हे मी या कुळकथेतील मोठे दुर्दैव समजतो. उलट जुने पत्ते संपल्यावर, एप्रिल २०१२ मध्ये, १००.६४ पासूनचे पत्ते खुद्द इंटरनेट कंपन्यांच्या बारनिशीसाठी राखून ठेवावे लागले. म्हणजे दोन राउटरांच्या घरातील पॅकेट आज कित्येकदा तीन ठिकाणी नोंदले जाऊन बाहेर पडते.

तेव्हा ज्यांच्या घरी दुसरा राउटर आहे किंवा येणार आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे : त्यात ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे केवळ लहरी व स्विच राखण्याची, सोय असेल तर ती निवडा, नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या जाळ्यातला, पण पहिला राउटर इतर यंत्रांना वाटून देत नाही असा ठेवा, त्याचे डीएचसीपी बंद करा, आणि केबल ‘इंटरनेट’च्या खाचेत न बसवता शेजारच्या ‘लॅन’च्या खाचेत बसवा. मग दोन्ही खोल्यांतील यंत्रांचे पत्ते उघडून पाहा. पहिले तीन आकडे सारखे दिसले, की प्रिंटर सापडेल.