बृहदांत्र-गुदाशयाचा कर्करोग : पेशींतील बदल व अर्बुदाची वाढ

मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या अस्तरातील पेशींपासून उद्भवणारा रोग. सुरुवात बहुधा निरुपद्रवी वाटणाऱ्या पॉलिपने (अस्तरावरील उंचवट्याने) होते. त्याचा कर्करोग होण्यास अनेकदा दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. फिअरन व फोगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये हा क्रम जनुकांच्या आधारे मांडला : प्रथम एपीसी जनुक निकामी होते, मग केआरएएस बदलते, पुढे टीपी५३. प्रत्येक रुग्णात तो तसाच दिसत नाही. तरी चौकट टिकून आहे.

निर्णायक पायरी आक्रमणाची. ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी जखडून ठेवते. ते घटले की पकड सुटते आणि पेशी आजूबाजूच्या ऊतकांत शिरतात. अर्बुदाच्या आघाडीच्या कडेला एकेकट्या किंवा चारपर्यंतच्या पुंजक्यांत सुटलेल्या पेशींना अर्बुद-अंकुर म्हणतात. अंकुर जितके अधिक, तितका लसीका ग्रंथींत प्रसाराचा धोका मोठा. म्हणूनच विकृतिशास्त्रज्ञाच्या अहवालात ही नोंद असायलाच हवी. अंकुर मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २०१६ मध्ये ठरली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या कर्करोगाचा मुद्रिका-पेशींचा प्रकार महत्त्वाचा. यात पेशीतील श्लेष्मामुळे केंद्रक कडेला ढकलले जाते आणि पेशी अंगठीसारखी दिसते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील (स्थापना १९४१) अभ्यासांत त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळले. हा प्रकार तरुणांत तुलनेने अधिक दिसतो, पर्युदरात पसरतो आणि निदान उशिरा होते. शौचातून पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून अंगावर काढणे, हेही उशिराचे एक कारण. पॉलिप कोलोनोस्कोपीने वेळीच काढल्यास कर्करोग टळू शकतो.