डोक्याने चेंडू मारण्यास बंदी : नियम एक, पळवाटा अनेक

१/ जानेवारी २००२ मध्ये इंग्लंडचे माजी फुटबॉलपटू जेफ ॲस्टल यांचे वयाच्या ५९ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने निधन झाले. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे हे आघाडीवीर हेडरसाठी ख्यातनाम होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोरोनरने निर्णय दिला, की हा मृत्यू व्यवसायजन्य आजाराने झाला. जड चामडी चेंडू वर्षानुवर्षे डोक्याने मारल्यामुळे मेंदूला झालेल्या लहान लहान इजा त्याला कारणीभूत ठरल्या होत्या.

२/ एखाद्या खेळातील रोजचे कौशल्यच मृत्यूचे कारण म्हणून नोंदले गेले होते. तरीही इंग्लंडमधील मुलांच्या सरावात त्याचे पडसाद उमटायला २०२० साल उजाडावे लागले. त्याआधी अमेरिकेत बंदी आली, आणि तीही न्यायालयाच्या वाटेने.

३/ ऑगस्ट २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात फिफा, अमेरिकेचा फुटबॉल महासंघ आणि युवा फुटबॉल संघटनांविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. दावेदारांची मागणी भरपाईची नव्हती. नियम बदलावेत अशी होती. जुलै २०१५ मध्ये न्यायाधीश फिलिस हॅमिल्टन यांनी दावा फेटाळला. तरीही नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली आणि महासंघाने बंदी जाहीर केली.

४/ तिचे स्वरूप असे : अंडर-११ व त्याखालील संघांत सामन्यात आणि सरावात हेडिंग पूर्ण बंद. अंडर-१२ आणि अंडर-१३ संघांना सरावात आठवड्याला जास्तीत जास्त ३० मिनिटे आणि प्रत्येक खेळाडूस १५ ते २० हेडर एवढीच मुभा. कागदावर नियम स्पष्ट होता. अडचणी मैदानावर सुरू झाल्या.

५/ पहिली अडचण अधिकाराची. महासंघाच्या थेट नियंत्रणाखालील युवा राष्ट्रीय संघ व अकादमी यांना नियम बंधनकारक होता. इतर संघटनांना मात्र तो पाळण्याची आग्रहाची शिफारस होती. शालेय फुटबॉलचा कारभार तर वेगळ्याच संस्थांच्या हाती. म्हणजे एकाच वयाच्या दोन मुलांवर कोणते बंधन लागू होणार, हे ती कोणाच्या छत्राखाली खेळतात यावर ठरत होते.

६/ दुसरी अडचण वयाची. पंचाने स्पर्धेचा वयोगट पाहावा, प्रत्येक खेळाडूचे वय तपासण्याची अपेक्षा त्याच्याकडून नाही, असे महासंघाने स्पष्ट केले. व्यवहारात हे रास्तच. पंच जन्मदाखले घेऊन मैदानात उतरत नाही. पण दहा वर्षांचे चुणचुणीत मूल मोठ्यांच्या संघात घेतले गेले, की सामन्यात पंचाच्या शिट्टीचे संरक्षण त्याला उरत नाही.

७/ तिसरी अडचण हेतूची. चेंडू ‘जाणूनबुजून’ डोक्याने मारला तरच प्रतिस्पर्ध्यास इनडायरेक्ट फ्री किक मिळते. चेंडू आपसूक येऊन आदळला तर खेळ चालू राहतो. लहान मूल दचकून मान वळवते, त्यात हेतू किती आणि प्रतिक्षिप्त क्रिया किती, हे पंचाने क्षणार्धात ठरवायचे. दोन पंचांचे उत्तर वेगळे येणे स्वाभाविकच.

८/ चौथी अडचण मोजणीची. सरावात पंच नसतो. आठवड्याचे १५ ते २० हेडर मोजायचे ते प्रशिक्षकाने, जो पुष्कळदा विनामोबदला काम करणारा पालक असतो. मूल दोन संघांतून खेळत असेल, तर दोन्ही प्रशिक्षकांची मोजणी आपापल्यापुरती बरोबर आणि मुलाची एकूण बेरीज मात्र दुप्पट होऊ शकते.

९/ इकडे ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाचे डॉ. विली स्टुअर्ट यांच्या चमूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासजन्य आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. २०१४ मध्ये ॲस्टल यांच्या मेंदूची फेरतपासणी करणारेही स्टुअर्टच होते.

१०/ फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांसाठी सरावातील हेडिंग बंद केले. सामन्यांना मात्र हात लावला नाही. लहान वयात सामन्यात हेडरचे प्रसंग थोडे, सरावात पुनरावृत्ती अधिक, हा त्यामागचा विचार. तो तर्कशुद्ध होता. पण ज्या कृतीचा सराव निषिद्ध, ती सामन्यात वैध ठरली. शिवाय बंदी आली ती नेमकी पंच नसलेल्या जागी.

११/ ही विसंगती इंग्लंडने पुढे दूर करायला घेतली. २०२२-२३ च्या हंगामात सामन्यांतही हेडिंग वगळण्याचा प्रयोग झाला. मग २०२४-२५ पासून अंडर-७ ते अंडर-९, पुढील हंगामात अंडर-१० आणि २०२६-२७ मध्ये अंडर-११, अशी टप्प्याटप्प्याने बंदी ठरली.

१२/ दोन्ही देशांचा अनुभव एकाच दिशेने बोट दाखवतो. नियमाने तेच पकडले जे बाहेरून दिसते : संघाचा वयोगट, सामन्यातील फाऊल, संघटनेचे शिक्के. ॲस्टल यांच्या बाबतीत कोरोनरने मात्र दोष दिला होता तो वर्षानुवर्षांच्या, एकेकट्या पाहिल्यास क्षुल्लक वाटणाऱ्या आघातांना. ते सर्वाधिक साठतात सरावात, आणि तिथे आजही नियमाचा एकमेव पहारेकरी आहे तो मुलांचा प्रशिक्षक. त्याला या बंदीमागचे कारण पटले आहे की नाही, यावरच ती पाळली जाईल की नाही हे ठरते.