सहनशीलता (ख्रिस्ती सद्गुण)

सहनशीलता हा ख्रिस्ती धर्मातील एक प्रमुख सद्गुण आहे. दुःख, छळ, विलंब किंवा इतरांचे दोष यांना सामोरे जाताना क्रोध व निराशा यांच्या आहारी न जाता श्रद्धेत टिकून राहणे, असा त्याचा अर्थ केला जातो. ख्रिस्ती परंपरेत सात सद्गुणांच्या एका यादीत तिचा समावेश असून ती क्रोध या पापाच्या विरुद्ध मानली जाते.

शब्द व अर्थ

नव्या कराराच्या मूळ ग्रीक पाठात या अर्थाचे दोन शब्द येतात. ‘माक्रोथुमिया’ म्हणजे रागावण्यास मंद असणे. हा शब्द बहुधा माणसांच्या वागणुकीसंदर्भात येतो. ‘हुपोमोने’ म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे; तो बहुधा संकटांसंदर्भात येतो. मराठी बायबलात संदर्भानुसार ‘सहनशीलता’ आणि ‘धीर’ हे शब्द वापरलेले आढळतात.

बायबलमधील आधार

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात सहनशीलतेची गणना आत्म्याच्या फळांमध्ये केली आहे. रोमकरांस पत्रात (अध्याय ५) संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम सांगितला आहे. याकोबाच्या पत्रात (अध्याय ५) पावसाची वाट पाहणारा शेतकरी, संदेष्टे आणि ईयोब ही उदाहरणे येतात. मात्र ईयोब हा मुकाट्याने सोसणारा नाही. तो देवापुढे गाऱ्हाणे मांडतो, परंतु देवाला सोडत नाही. लूककृत शुभवर्तमानातील (अध्याय १८) विधवेच्या दाखल्यात अन्यायी न्यायाधीशाकडे वारंवार न्याय मागणाऱ्या स्त्रीची चिकाटी प्रार्थनेचा आदर्श म्हणून पुढे ठेवली आहे.

धर्मशास्त्रीय विचार

तेर्तुलियन याने इ.स. २००च्या सुमारास या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभीच आपल्यात हा गुण नसल्याची कबुली त्याने दिली आहे. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने इ.स. २५६मध्ये याच विषयावर लेखन केले. खरी सहनशीलता ही देवाची देणगी आहे, असे ऑगस्टीनने प्रतिपादन केले. थॉमस अक्विनास (तेरावे शतक) याने ती धैर्याचा भाग मानली. दुःखामुळे विवेक ढळू न देणे हे तिचे कार्य होय, असे त्याचे मत होते.

आचरण

प्रार्थना, क्षमा, आजाऱ्यांची सेवा आणि उपवास ही आचरणाची प्रमुख साधने आहेत. नाताळपूर्वीचा आगमनकाळ हा प्रतीक्षेचा, तर ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ हा आत्मसंयमाचा काळ मानला जातो.

महाराष्ट्रातील उदाहरणे

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि स्वतःचा विचार पक्का झाल्यावर ख्रिस्ती झाल्या. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना टप्प्याटप्प्याने कशा गळून पडल्या, याचे वर्णन त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात केले आहे. टिळकांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेण्याचे कामही त्यांनी हाती घेतले.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. सुमारे दीड दशकाहून अधिक काळ चाललेल्या या कामात छपाईचे काम मिशनमधील स्त्रियांनी केले. १९२१मध्ये कन्या मनोरमा यांचे निधन झाल्यावरही रमाबाईंनी काम थांबवले नाही. दुसरीकडे, विधवांच्या हालअपेष्टा सोसण्याचा उपदेश न करता त्यांनी १८८९मध्येच मुंबईत शारदा सदन स्थापन केले होते.

टीका

सहनशीलतेच्या उपदेशाचा उपयोग गुलाम, स्त्रिया आणि दलित समूहांना अन्याय सोसायला लावण्यासाठी झाला, अशी टीका केली जाते. अमेरिकेतील पाद्री मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांनी १९६३मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात, कृष्णवर्णीयांना थांबण्याचा सल्ला देणाऱ्या धर्मगुरूंना उत्तर दिले. सूडाचा त्याग करणे आणि अन्याय मान्य करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे या भूमिकेचे सार सांगता येईल. अहिंसक प्रतिकार करताना मार सोसणे, हाही सहनशीलतेचाच प्रकार मानला जातो.