लेबनॉनचे श्वेत द्राक्षमद्य : आख्यायिका आणि पुरावा

लेबनॉनमधील शातो म्यूझार या मद्यशाळेची ख्याती मुख्यत्वे तिच्या तांबड्या मद्यावर उभी आहे. १९३० साली गास्तों होशार यांनी घझीर येथे ती स्थापन केली. १९५९ पासून मद्यनिर्मितीची सूत्रे त्यांचे पुत्र सर्ज यांच्याकडे आली. १९७५ ते १९९० या यादवी युद्धाच्या काळातही बेका खोऱ्यातील द्राक्षे पर्वत ओलांडून घझीरला आणली जात. १९७९ मधील ब्रिस्टलच्या प्रदर्शनाने या मद्यशाळेचे नाव इंग्लंडात दुमदुमले. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास तिचे श्वेत मद्यच अधिक उद्बोधक वाटावे.

याचे कारण वाणांच्या भेदात आहे. तांबड्या मद्याचे काबर्ने सोव्हिन्यों, सँसो व कारिन्यां हे वाण फ्रेंच संपर्काचे फलित होत. १८५७ साली क्सारा येथे जेझुइट पाद्र्यांनी सुरू केलेल्या मद्यनिर्मितीने या संपर्काचा पाया घातला आणि पुढे फ्रेंच अधिदेशाच्या काळात तो दृढ झाला. उलटपक्षी, श्वेत मद्य ओबैदे व मेरवाह या स्थानिक वाणांपासून होते. अधिक उंचीवरील उतारांवर या वेली कलमाविना, स्वतःच्याच मुळांवर वाढतात. बडीशेपेच्या जातीच्या बियांनी सुगंधित होणाऱ्या 'अरक' या ऊर्ध्वपातित मद्यासाठीही हीच द्राक्षे परंपरेने वापरली जातात.

ओबैदे हा शार्दोने या विख्यात फ्रेंच वाणाचा पूर्वज असून धर्मयोद्ध्यांनी तो युरोपात नेला, अशी एक आख्यायिका प्रचलित आहे. मेरवाहचे नाते सेमियोंशी जोडले जाते. परंतु शार्दोने हा पिनो व गुए ब्लां यांच्या संकरातून जन्मला, हे १९९९ साली जनुकीय परीक्षणाने सिद्ध झाले. सबब पितृत्वाचा हा दावा टिकत नाही. बाह्य साम्य हा वंशाचा पुरावा नव्हे, हे तत्त्व मेरवाहसही लागू पडते.

मात्र असत्य ठरलेली आख्यायिकाही इतिहासाचे साधन असू शकते. देशी वाणाचा गौरव करण्यासाठी त्याला फ्रेंच वाणाचा जनक ठरवावे लागावे, यावरून प्रतिष्ठेचा मापदंड कोणाचा होता हे कळते. ओबैदेचे खरे मोल त्या उसन्या वंशावळीत नसून, फ्रेंच वाणांच्या प्रभावानंतरही तो आपल्या डोंगरउतारांवर टिकून राहिला यात आहे.