अंड्यावाचून केक : एका पंक्तीचा इतिहास

गणपतीच्या दिवसांत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात अंडे येत नाही. वाढदिवस मात्र पंचांग पाहून येत नाहीत. मग बिनअंड्याचा केक होतो आणि तो कापताना कोणीतरी हमखास म्हणते, "हा काही खरा केक नव्हे." आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना हे वाक्य पाठ आहे. पण इतिहास पाहिला तर अंडे आणि लोणी वगळून भाजण्याची रीत ही कोणाची कच्ची नक्कल ठरत नाही. कुठे आजारपण, कुठे युद्ध, कुठे महागाई, कुठे सोवळे अशा कारणांनी ती घडत गेली. जे माणूस पंक्तीबाहेर राहिले असते, ते तिच्यामुळे पंक्तीत आले.

सुरुवात इंग्लंडमधील बर्मिंगहॅमपासून करू. तेथील औषधविक्रेते अल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना अंडे सोसत नसे, यीस्टही सोसत नसे. कस्टर्ड तर अंड्याचेच करण्याची पद्धत. बर्ड यांनी १८३७ साली मक्याच्या सत्त्वाने दाट होणारे बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले आणि १८४३ साली यीस्टशिवाय पाव फुगावा म्हणून बेकिंग पावडर. आपण फ्रूट सॅलडसाठी दुधात जी कस्टर्ड पावडर कालवतो, ती याच घराण्यातली. एका घरातल्या पथ्यातून निघालेली वस्तू जगभरच्या स्वयंपाकघरांत गेली.

हे साधते कसे, तेही पाहू. फेटलेले अंडे हवा धरून ठेवते, भाजताना घट्ट होऊन केकला आधार देते आणि त्यातील बलक तेल-पाणी एकजीव करतो. तूप किंवा लोणी मैद्याच्या कणांना वेढते, त्यामुळे पीठ चिवट होत नाही. अंडे काढले की ही कामे दुसऱ्यांवर सोपवावी लागतात. खाण्याचा सोडा दह्याला, लिंबाला किंवा व्हिनेगरला भेटला की वायू सुटतो आणि केक फुगतो. दुधातली प्रथिने आधाराचे थोडे काम करतात. पिकलेले केळे किंवा शिजवलेल्या सफरचंदाचा गर ओलावा देतो, म्हणून तूप कमी करता येते. अर्थात केळे आपली चव सोडत नाही, आणि सोडा जास्त पडला तर केकला साबणासारखी चव येते.

युद्धाने ही विद्या घरोघर पोचवली. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये लोणी आणि साखरेचे रेशनिंग सुरू झाले. पुढच्या वर्षी अंडीही त्यात आली. माणशी आठवड्याला एक अंडे, तेही मिळाले तर. गृहिणी अमेरिकेहून येणारी अंड्याची भुकटी वापरत, व्हिनेगर-सोड्यावर केक फुगवत, गोडीसाठी गाजर किसून घालत. केकवर साखरेचे आयसिंग करायलाही बंदी आली. तेव्हा लग्नातल्या लहानशा केकवर पुठ्ठ्याचे सजवलेले मोठे आवरण ठेवण्याची युक्ती निघाली. हे रेशनिंग जुलै १९५४ मध्ये पूर्ण संपले. त्या चौदा वर्षांत जी मुले वाढली, त्यांच्या लेखी केक म्हणजे हाच केक होता.

आता आपल्या जवळच्या सुरतेकडे येऊ. सतराव्या शतकात तेथे डचांची वखार होती. त्यांच्या भट्ट्यांचा वारसा पारशी-इराणी बेकरीवाल्यांकडे आला आणि त्यातूनच नानकटाई घडली, असे सुरतेत सांगतात. पिठाला ताडीचे आंबवण आणि अंडे असल्यामुळे बरेच गिऱ्हाईक ते खात नसे; म्हणून दोन्ही गेली आणि मैदा, साखर, तूप राहिले, असाही त्या कथेचा भाग आहे. कथेत पदरचे किती, कोण जाणे. पदार्थ मात्र समोर आहे. नानकटाईत अंडे नाही आणि ते नसल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. ताडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. गोव्यात पोदेर माडाच्या सुरेवर पाव फुगवत आणि तिकडे तो आवडीने खाल्ला जाई. म्हणजे काय चालते आणि काय चालत नाही, हे गावागणिक बदलते.

दिवाळीच्या आधी तूप, साखर आणि मैदा डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर न्यायचा आणि नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यातून घरी आणायची, हे आपल्या अनेक घरांनी केले आहे. साजूक तूप परवडेना तेव्हा वनस्पती तूप आले. डालडा १९३७ पासून बाजारात आहे. मध्यमवर्गाच्या नानकटाईला आणि केकला त्याने हात दिला, हे खरे. पण त्यातील ट्रान्स फॅट हृदयाला घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि जानेवारी २०२२ पासून सरकारने तेल-तुपातील त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. प्रत्येक पर्याय हितकारकच असतो असे नाही, हेही या इतिहासातून शिकावे.

१९६० नंतरच्या दशकात पंजाबातील मोगा येथे मिल्कमेड तयार होऊ लागले. या आटवलेल्या गोड दुधाच्या एका डब्याने अंडे आणि बरीचशी साखर या दोघांची जागा घेतली. डब्यातले दूध, मैदा, लोणी, बेकिंग पावडर आणि वर फसफसणारा सोडावॉटर एवढ्यावर केक होऊ लागला. ओव्हन सगळ्यांकडे नव्हताच. शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ पसरायचे, ते तापवायचे आणि त्यावर केकचे भांडे ठेवायचे. आमच्या आया-मावश्यांनी असे कितीतरी केक केले. ज्या आजीने जन्मात अंड्याला हात लावला नाही, तिने नातवाच्या वाढदिवसाचा तुकडा निःशंक मनाने खाल्ला. इंग्रजी पद्धतीचा पदार्थ देवघर असलेल्या घरात असा रुळला.

या साऱ्याची नोंद छापील पुस्तकांत थोडी आणि आपल्या घरच्या वह्यांत जास्त आहे. "वाटी" म्हणजे कोणती वाटी, "अंदाजाने" म्हणजे किती, हे लिहिणारीलाच ठाऊक असते. यंदा गौरी-गणपतीला सगळे जमतील तेव्हा ती वही काढावी, आजी किंवा काकूंना विचारून मापे ग्रॅममध्ये लिहून घ्यावीत आणि तो पदार्थ कोणासाठी म्हणून बदलला तेही शेजारी लिहावे. बडोद्यातल्या मराठी घरांचा तोही एक इतिहास आहे.