सव्वा मोठा की दीड? कशेळ्याच्या खळ्यावरील एका प्रश्नाचा इतिहास

१/ कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे हे गाव लागते. भोवती भातखाचरे, ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या. 'दोन संख्यांतील मोठी कोणती?' हा प्रश्न आज येथील मुलांच्या गणिताच्या वहीत असतो. एके काळी तो खळ्यावर विचारला जाई आणि त्याच्या उत्तरावर घरातील पावसाळ्याची बेगमी अवलंबून असे.

२/ मेट्रिक पद्धतीपूर्वी धान्य वजनापेक्षा मापाने मोजले जाई. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पायलीचा आकार गावोगाव बदले. पण अर्ध्याचे पुन्हा अर्धे करण्याची रीत तीच राही.

३/ या भांड्यांनी एक मोठा धडा न शिकवता शिकवला. चिपटे म्हणजे शेराचा १/४, कोळवे म्हणजे १/८. आठ हा आकडा चारापेक्षा मोठा, तरी कोळवे चिपट्याहून लहान, हे मूल डोळ्यांनी पाही. छेद वाढला की वाटा घटतो, हा नियम त्याच्या हातात होता.

४/ पंतोजींच्या शाळेत याला पाठांतराची जोड मिळे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी हे अपूर्णांकांचे पाढे होते. ते म्हणणारा मुलगा पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचा चढता क्रम कधी चुकत नसे. मात्र शेतकऱ्यांची आणि वाडीतील बहुतेक मुले त्या शाळेबाहेरच राहिली.

५/ या वंचनेची किंमत मोठी होती. महाराष्ट्रात धान्याच्या उसनवारीला 'वाढीदिढी' असा शब्दच रूढ होता. दिढीने मणभर भात नेले, तर सुगीला दीड मण परत. सवाईने नेले, तर सव्वा मण. म्हणजे १६ पायल्यांच्या बदल्यात एकीकडे २४, दुसरीकडे २०. सवाई सौम्य वाटे, आणि एका हंगामापुरती ती सौम्य होतीही.

६/ पण पीक बुडाले आणि कर्ज थकले, तर? सवाईवर पुन्हा सवाई चढली की १६ चे २०, आणि २० चे २५. दोन वर्षांची सवाई एका वर्षाच्या दिढीहून एक पायली जड. दिढीवर दिढी चढली, तर १६ चे ३६, म्हणजे सव्वादोन मण. ही तुलना ज्याला करता येई, त्याच्याच हाती वही असे.

७/ माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल (जन्म १९१२) यांनी कर्जत तालुक्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि टंचाईच्या काळात गरिबांसाठी धान्यकोठीही उभारली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. शाळा आणि कोठी ही वरवर दोन कामे. परंतु दोन्हींचा रोख एकाच परावलंबनावर होता. पुढे कशेळ्यातील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनेही आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवल्या.

८/ दरम्यान मापेच बदलली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने. हिशेब सोपा झाला, पण चिपटे-कोळवे घरातून गेले. आता अनेक मुले ०.४५ ला ०.५ पेक्षा मोठे म्हणतात, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. ही चूक जगभर आढळते. ०.५ म्हणजे ०.५०, आणि ५० शतांश ४५ शतांशांहून अधिक, हे दाखवले की गाठ सुटते.

९/ अपूर्णांकांच्या तुलनेची रीत येथे जुनीच आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) छेद समान करण्याची कृती आहे. 'समच्छेद' हा शब्द आजही मराठी पाठ्यपुस्तकांत आहे. त्याच ग्रंथात परिघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी दोन संख्या आहेत : सूक्ष्म ३९२७/१२५० आणि स्थूल २२/७. मोठी कोणती? ३९२७ × ७ = २७,४८९ आणि २२ × १२५० = २७,५००. स्थूल संख्या किंचित मोठी.

१०/ राहिल्या अपरिमेय संख्या. √२ कोणत्याही अपूर्णांकाने नेमकी लिहिता येत नाही. अशा संख्यांसह सर्व वास्तव संख्यांना रेषेवर निश्चित क्रम आहे, याची काटेकोर मांडणी जर्मन गणिती डेडेकिंड यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला √२ संख्यारेषेवर आठवीत भेटते.

११/ तिची जागा शोधायला जुने शब्द पुरेसे आहेत. सव्वाचा वर्ग १.५६२५, दोनाहून कमी. दीडाचा वर्ग २.२५, म्हणजे तेच सव्वादोन; दोनाहून अधिक. म्हणून √२ सव्वा आणि दीड यांच्या मध्ये. ज्या दोन शब्दांनी खळ्यावर भात मोजून नेले, त्याच दोन शब्दांच्या मध्ये आठवीतील मुलाला ती संख्या सापडते. आणि आता वही त्याच्या हाती असते.