जिन हे औषध होतं का? चारशे वर्षांचा एक गैरसमज

"डॉक्टर, तुम्हीच तर सांगितलं होतं ना, जिन हे मुळात औषध आहे म्हणून?"

बदलापूरचे एक काका समोर बसले होते. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त, दहा वर्षांचा मधुमेह, अधूनमधून व्हिस्की. रिपोर्ट माझ्या टेबलावर होते. ट्रायग्लिसराइड्स दुप्पट, लिव्हरचे एन्झाइम वाढलेले, तीन महिन्यांची सरासरी शुगर चढलेली. काय बदललं विचारल्यावर कळलं, की त्यांनी व्हिस्की सोडून जिन धरली होती. रोज संध्याकाळी तीन पेग, सोबत टॉनिक वॉटर. "हलकी असते, वनस्पतींची असते," असं त्यांचं म्हणणं.

चूक त्यांची एकट्याची नव्हती. मागच्या वर्षी मी मुलीकडे रॉटरडॅमला गेलो होतो. परत आल्यावर ओपीडीत गर्दी नसली की प्रवासाच्या गप्पा व्हायच्या. त्यात मी मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं, की जिन एका डॉक्टरने शोधली, पोटासाठी आणि मूत्रपिंडासाठी. गोष्ट अर्धीच सांगितली. काकांनी ती प्रिस्क्रिप्शनसारखी घेतली. म्हणून आज उरलेली अर्धी सांगतो.

स्खीडामचा एक ग्लास

रॉटरडॅमला लागून स्खीडाम नावाचं छोटं शहर आहे. तिथे जगातल्या सर्वांत उंच पवनचक्क्या उभ्या आहेत. आजूबाजूच्या इमारतींवरून येणारा वारा मिळावा म्हणून त्या इतक्या उंच बांधल्या. त्यात दळलं जाणारं धान्य जायचं ते मुख्यतः दारूच्या भट्ट्यांना. या गावाचा धंदाच 'येनेव्हर'चा, म्हणजे जिनच्या डच आजीचा.

मुलीने मला एका छोट्या भट्टीत नेलं. तिथे स्थानिक जिन आणि येनेव्हर चाखायला देतात. येनेव्हर ट्यूलिपच्या आकाराच्या लहान ग्लासात अगदी काठोकाठ भरतात. ग्लास उचलला तर सांडणार, म्हणून पहिला घोट हात न लावता वाकून घ्यायचा अशी रीत आहे. पन्नाशी उलटलेला मी कंबर धरून वाकलो, मुलगी फोटो काढत होती. चव धान्याची, किंचित गोडसर. मग जिन दिली. तिचा वास नाकात गेला आणि मला आमच्या कॉलेजची फार्मसी आठवली. पाइनसारखा, राळेसारखा वास. तो ज्युनिपरचा. ज्युनिपर हे सुरूसारखं दिसणारं झुडूप आहे. त्याची निळसर 'फळं' म्हणजे खरं तर मांसल झालेले छोटे शंकू. आयुर्वेदात यालाच हपुषा म्हणतात, आणि गोव्यात तयार होणाऱ्या एका जिनचं 'हपुसा' हे नाव त्यावरूनच आलं आहे.

मला ती चव आवडली, हे लपवत नाही. आणि औषधासारखा वास आला की डॉक्टरलाही क्षणभर ते औषधच वाटतं.

डॉक्टरने शोधली?

जी गोष्ट मी काकांना सांगितली ती अशी: लायडन विद्यापीठातले प्राध्यापक फ्रान्सिस्कस सिल्व्हियस यांनी सतराव्या शतकात मूत्रविकारांसाठी ज्युनिपरचा अर्क काढला आणि तीच पहिली जिन. सिल्व्हियस हे खरोखर मोठे डॉक्टर होते. पण त्यांचा जन्म १६१४चा, आणि १६२३ सालच्या एका इंग्रजी नाटकात 'जिनीव्हा' या दारूचा उल्लेख आहे. तेव्हा सिल्व्हियस नऊ वर्षांचे होते. म्हणजे श्रेय त्यांचं नाही.

ज्युनिपर मात्र औषध म्हणून त्याहून जुनं आहे. तेराव्या शतकातल्या डच ग्रंथात पोटदुखीसाठी ते पावसाच्या पाण्यात किंवा वाइनमध्ये उकळून घ्यायला सांगितलं आहे. प्लेगच्या साथीत त्याच्या फांद्या जाळून घरात धूर करत. प्लेग पिसवांमधून पसरतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

आणि जिन घेतल्यावर 'लघवी साफ होते', त्याचं काय? होते, पण त्यात मोठा वाटा दारूचा. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं, ते मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगतं. अल्कोहोल ते दाबून टाकतं. त्यामुळे लघवी जास्त होते आणि शरीर कोरडं पडतं. बिअर, व्हिस्की, जिन, सगळ्यांचं हेच. मूत्रपिंड त्याने धुऊन निघत नाही.

लंडनमध्ये काय झालं

१६८९ साली हॉलंडचा विल्यम इंग्लंडचा राजा झाला. फ्रान्सशी वैर असल्याने फ्रेंच ब्रँडी अडवली गेली आणि इंग्लंडमधल्या धान्यापासून दारू गाळायला मोकळीक मिळाली. दोन पिढ्यांत लंडनच्या गरीब वस्त्यांत जिन गल्लोगल्ली, अगदी किराणाच्या दुकानातही मिळू लागली.

१७२६ साली लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने पार्लमेंटला निवेदन दिलं, की या दारूमुळे अशक्त आणि रोगट मुलं जन्माला येत आहेत. गरोदरपणातल्या दारूचा गर्भावर होणारा परिणाम 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' या नावाने वैद्यकशास्त्रात आला तो १९७३ साली. म्हणजे अडीचशे वर्षं आधी डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगून ठेवलं होतं.

१७३६ साली सरकारने किरकोळ विक्रीच्या परवान्याला वर्षाला ५० पौंड फी लावली. गरीब दुकानदाराला ते अशक्यच. मग पळवाट निघाली. जिनमध्ये रंग घालायचा, बाटलीवर 'पोटशुळाचं पाणी' असं लिहायचं आणि दिवसातून चार-पाच वेळा दोन-तीन चमचे घ्या अशी सूचना चिकटवायची. औषधाला बंदी नव्हती ना! तो कायदा १७४३ मध्ये मागे घ्यावा लागला. १७५१चा नवा कायदा जास्त व्यवहारी होता. त्यात पुढे धान्य महागलं, तेव्हा कुठे ही लाट ओसरली.

क्विनाइनची गोष्ट आणि आपला कॅम्प

उल्हासनगरच्या एका जुन्या पेशंटने मला एकदा सांगितलं होतं, "आमच्या कॅम्पातले गोरे सोल्जर मलेरिया होऊ नये म्हणून जिन-टॉनिक घ्यायचे." उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला लष्कराचा कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. आजही आपण कॅम्प १, कॅम्प ४ असेच पत्ते सांगतो. त्यामुळे ही गोष्ट इथे सहज खपते.

आता हिशेब करू. सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनाइन वेगळं केलं गेलं १८२० साली. टॉनिक वॉटरचं पहिलं पेटंट १८५८चं, लंडनचं. पूर्वी सैनिकांना क्विनाइन मिळायचं ते औषध म्हणून, वेगळं. टॉनिक वॉटर आलं ते पचनाचं, तरतरीचं पेय म्हणून. हिंदुस्थानात जिन-टॉनिकचा सुरुवातीचा छापील उल्लेख आहे तो १८६८ सालचा, तोही घोड्यांच्या शर्यतीनंतरच्या थंड पेयाचा. इस्पितळाचा त्यात संबंध नाही.

आजच्या टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन लिटरला जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम, ही अमेरिकेतली मर्यादा. मलेरियासाठी मोठ्या माणसाला क्विनाइन देतात ते रोज सुमारे १८०० मिलिग्रॅम, सात दिवस. म्हणजे दिवसाला जवळजवळ २२ लिटर टॉनिक वॉटर! मलेरिया राहिला बाजूला, पेशंट पाण्यानेच आजारी पडेल.

आणि महायुद्धात तर क्विनाइनचाच तुटवडा होता. जगाचं बहुतेक क्विनाइन जावा बेटावरून यायचं आणि १९४२ साली ते जपानने घेतलं. पूर्वेकडच्या आघाड्यांवर सैनिकांना मेपाक्रिनच्या गोळ्या खाव्या लागल्या. कडू, आणि कातडी पिवळी करणाऱ्या. मलेरिया आटोक्यात आला तो या गोळ्या, मच्छरदाणी आणि डासांवरचे उपाय यांनी.

आपल्याकडचा परवाना

आपणही फार वेगळे नाही. मुंबईत पहिली दारूबंदी आणली ती एका डॉक्टरने. डॉ. एम. डी. डी. गिल्डर हे नामवंत फिजिशियन तेव्हा आरोग्य आणि अबकारी खात्याचे मंत्री होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत ती लागू झाली. मग आला मुंबई दारूबंदी कायदा, साल १९४९. उल्हासनगरचं नामकरण झालं तेच वर्ष.

बंदी आली आणि लंडनचीच पळवाट इथेही उघडली. आरोग्याच्या कारणावरून डॉक्टरच्या दाखल्यावर परवाना मिळे. ज्यांना तो मिळत नसे त्यांच्यातले काही औषधाच्या दुकानातलं आल्याचं टिंक्चर पीत, कारण त्यात अल्कोहोल असतं. अल्कोहोल असलेल्या औषधांवर बंदी घालता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५१ साली बालसारा खटल्यात कायद्याचा तो भाग रद्द झाला. बाकी कायदा राहिला. महाराष्ट्रात आजही दारू प्यायला परवाना लागतो, हे अनेकांना माहीतही नसतं.

म्हणजे लंडन असो की मुंबई, दारूला औषधाचं लेबल लागलं ते पिणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या सोयीसाठी.

मग क्राफ्ट जिनचं काय?

२००९ नंतर लंडनमध्ये छोट्या तांब्याच्या भट्ट्या पुन्हा सुरू झाल्या. २०१७ पासून गोव्यातही चांगल्या जिन तयार होऊ लागल्या. चव, कसब, स्थानिक मसाले, हे सगळं खरं आहे. पण लिव्हरला लेबल वाचता येत नाही. त्याला दिसतं ते इथेनॉल.

आपल्याकडे जिनमध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलिचा एक पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. स्खीडामचा तो छोटा ग्लास सुमारे १० ग्रॅमचा होता. काकांचे तीन पेग म्हणजे रोज ६० ग्रॅम. व्हिस्कीचे तीन पेग घेतले असते तरी तेवढंच. 'हलकी' जिन हलकी दिसते, कारण ती पाण्यासारखी स्वच्छ असते.

वर साध्या टॉनिक वॉटरच्या २०० मिलिच्या बाटलीत तीन ते चार चमचे साखर असते. कडूपणामुळे ती जिभेला कळत नाही. काकांच्या शुगरचं कोडं तिथेच सुटलं. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर असताना उपाशीपोटी दारू घेतली तर उलट शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, तेही रात्री झोपेत. क्विनाइनने क्वचित काही लोकांच्या प्लेटलेट्स कमी होतात. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे त्यांनी टॉनिक वॉटरही टाळावं.

दारू कॅन्सरला कारणीभूत आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केलं. २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितलं, की दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. जितकी कमी तितका धोका कमी.

परदेशात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. स्थानिक दारू चाखायचीच असेल तर परवानाधारक भट्टीत किंवा दुकानात, सीलबंद बाटलीतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमध्ये सहा परदेशी पर्यटक मिथेनॉल मिसळलेल्या दारूने दगावले. आपल्याकडे २००४चं विक्रोळी आणि २०१५चं मालवणी कुणी विसरलेलं नाही. मिथेनॉल चवीने ओळखता येत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं, ते डोळ्याची नस जाळतं. बारा ते चोवीस तासांनी धूसर दिसणं, पोटात दुखणं, धाप लागणं सुरू झालं तर 'हँगओव्हर असेल' म्हणून झोपू नका. लगेच मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही प्यायलात ते चाललं?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "मी चव घेतली, औषध नाही घेतलं. तुम्ही रोज औषध म्हणून घेतलंत." थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "एकदम बंद करू?" मी नको म्हटलं. रोज पिणाऱ्याने अचानक दारू सोडली तर थरथर, झटके, भ्रम होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरज पडल्यास गोळ्यांच्या मदतीने सोडायची. तीन महिन्यांनी त्यांचे लिव्हरचे आकडे बरेच खाली आले होते. शुगर अजून जागेवर यायची आहे.

माझ्याकडूनही एक बदल झाला आहे. प्रवासाच्या गप्पा ओपीडीत अजून होतात, पण गोष्ट अर्धी सांगत नाही.